फोन वाढवू नका, कारण द्या

भोसरी-चाकणचा लघुउद्योजक मोठ्या वाहन कंपनीच्या खरेदी विभागाला मेल पाठवतो, उत्तर येत नाही म्हणून फोन करतो, मग आणखी फोन करतो. चूक इथेच होते. नवा पुरवठादार घ्यायचा म्हणजे नमुन्यांची तपासणी, कारखान्याचे ऑडिट, आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता मानकाची खातरजमा. जुना पुरवठादार वेळेवर माल देत असताना खरेदी अधिकारी एवढा खटाटोप कशासाठी करेल? त्याचे मौन म्हणजे दर वेळी नकार नसतो. अनेकदा भेटीला कारणच नसते. ते विक्रेत्याने द्यायचे असते. 'पंधरा मिनिटे द्या' असे लिहिण्यापेक्षा 'या भागाची बर (धातूची खरखरीत कड) काढण्याचा तुमचा खर्च वाचेल, नमुना पाठवू का?' असे विचारावे. आणि तेही ज्याला रोज ती बर छळते, त्या उत्पादन किंवा गुणवत्ता विभागाच्या इंजिनिअरला.

चिकाटीशिवाय धंदा होत नाही, असे कुणी म्हणेल. खरे आहे, पण प्रत्येक संपर्कात नवी माहिती हवी. मोठे लोक लहानांना दारातच उभे करत नाहीत, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. म्हणून तर केंद्राच्या २०१२च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांना आज किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघुउद्योगांकडून करावी लागते. खासगी कंपन्यांवर तसे बंधन नाही. त्यांच्या खरेदी विभागांनी निदान दोन ओळींचा स्पष्ट नकार तरी कळवावा.