मोबाइल उभा करा, दार लावा

आपल्या कर्जत-खालापुरात मनाचा त्रास होतोय असं सरळ कुणी म्हणत नाही. झोप येत नाही, छातीत धडधडतं, कशात मन लागत नाही, असं म्हणतो आणि डॉक्टरकडे जाऊन ईसीजी काढून येतो. ईसीजी नॉर्मल निघतो. मग कुणी भगताकडे जातं, कुणी गप्प बसतं. मीही गप्पच बसले होते. भाऊ गेल्यानंतरचं ते वर्ष. संध्याकाळच्या कर्जत लोकलने बदलापूर सोडलं की माझे हातपाय गार पडायचे, आणि नेरळ येईपर्यंत मी दारातला दांडा सोडत नसे. शेवटी एका मैत्रिणीने पुण्याच्या मानसशास्त्रज्ञ बाईंचा नंबर दिला. भेटायला जायचं नव्हतं, मोबाइलवरच बोलायचं होतं.

तुमच्यापैकी कुणी आज त्या उंबऱ्यावर थांबलं असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

कर्जतला या कामात मोठं नाव आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना त्यांच्या घरी पोहोचवणारी डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था इथलीच, आणि 2018 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण घरात राहणारा, कामावर जाणारा आणि आतून खचलेला माणूस जाणार कुठे? ठाणे गाठायचं, नाहीतर अलिबाग. एका भेटीत दिवस मोडतो, हजेरी बुडते, आणि असं दर आठवड्याला कुणाला जमणार? मोबाइलवरच्या थेरपीचा खरा उपयोग आपल्यासारख्यांनाच आहे.

आधी माणूस नीट पारखा. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, औषध तोच लिहून देऊ शकतो. 2020 च्या टेलिमेडिसिनच्या नियमांनुसार त्याने आपला नोंदणी क्रमांक द्यायला हवा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, बोलण्यातून उपचार करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. चार दिवसांचा कोर्स करून समुपदेशक म्हणवणारेही आहेत. म्हणून शिक्षण काय, नोंदणी आहे का, फी किती, सेशन रद्द केलं तर पैसे जातात का, हे पहिल्याच फोनवर विचारा. चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही.

मग जागा. इथेच आपलं घोडं अडतं. दोन खोल्यांचं घर, मध्ये पडदा, पलीकडे टीव्ही. माझं पहिलं सेशन मी गच्चीवर केलं. पाण्याच्या टाकीला टेकून मोबाइल उभा केला, तर वारा सुटला आणि बाईंना माझा आवाजच जाईना. पुढच्या वेळी आतली खोली घेतली, दार लावलं, पंखा मोठा केला. पंख्याच्या आवाजात पलीकडे शब्द कळत नाहीत. इयरफोन हवेतच. ते घातले की निदान समोरच्याचं बोलणं घरात ऐकू जात नाही. खोपोलीच्या कारखान्यात शिफ्टला जाणाऱ्यांनी घर रिकामं असतं ती वेळ मागून घ्यावी. स्वतःची रिक्षा असेल तर ती सावलीत उभी करून आत बसलं तरी चालतं. मात्र चालत्या गाडीत नको, आणि सोबत कुणी असताना तर नकोच.

आमच्या त्या पहिल्या सेशनची दहा मिनिटं मी पावसाबद्दलच बोलत होते. बाईंनी थांबवलं नाही. मग त्यांनी माझा पूर्ण पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा नंबर मागितला. मला शंका आली, यांना कशाला हवा? त्यांनी समजावलं, की तुमचा जीव धोक्यात आहे असं मला कधी वाटलं, तर पुण्यात बसून मी मदत कुठे पाठवणार? हे सगळेच चांगले थेरपिस्ट विचारतात. बाकी तुम्ही सांगितलेलं गुप्त राहतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेच तो हक्क दिला आहे. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर बेतणार असेल, असे मोजके अपवाद आहेत, ते आधीच समजून घ्या.

पुढे प्रश्न येतात. झोप, भूक, घरची माणसं, दारू, जुनी आजारपणं. मरून जावंसं वाटतं का, हेही थेट विचारतात. दचकू नका आणि लपवूही नका. एक सेशन साधारण पाऊण ते एक तासाचं असतं. त्यात "तुम्ही असं करा" असा सल्ला मिळेल ही अपेक्षा ठेवली तर हिरमोड होईल. मलाही झाला. एवढे पैसे देऊन मीच बोलत बसले, असं वाटलं. शिवाय त्या संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त रडू आलं. पुष्कळांना असं होतं. सेशन संपल्यावर लगेच स्वयंपाकाला किंवा कामाला लागू नका, अर्धा तास हाताशी ठेवा. तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत धीर धरा. तोवरही मोकळं वाटत नसेल तर तसं तोंडावर सांगा, किंवा माणूस बदला. त्यात कसलाही अपमान नाही.

मध्येच रेंज जाणार, हे धरूनच चला. पावसाळ्यात आपल्याकडे वीजही जाते. फोन कुणी करायचा आणि व्हिडिओ बंद पडला तर साध्या कॉलवर बोलायचं का, हे आधी ठरवून ठेवा. माझा फोन एकदा नेमका भावाचं नाव घेतलं तेव्हा तुटला. दोन मिनिटांत बाईंचा कॉल आला आणि त्यांनी तिथूनच धागा धरला.

पावसावरून इर्शाळवाडी आठवल्याशिवाय राहत नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री दरड आली आणि झोपेतली वाडी गाडली गेली. 27 मृतदेह मिळाले, 57 जण सापडलेच नाहीत. जोराचा पाऊस लागला की रात्रभर जागी राहणारी माणसं आपल्या आसपास आहेत. इतकी वर्षं झाली, आता काय, असं त्यांना म्हणू नका. ज्याचं माणूस हाती लागलंच नाही, त्याच्या दुःखाला वर्षांचा हिशेब लागत नाही. अशांना फी परवडत नसेल तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, आणि बटणांचा साधा फोनही पुरतो. ऑक्टोबर 2022 पासून ही सोय आहे आणि अजून कितीतरी वाड्यांवर ती कुणाला ठाऊक नाही. आशाताईंनी, शिक्षकांनी हा नंबर शाळेच्या भिंतीवर लिहावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

काही वेळा मात्र मोबाइल पुरत नाही. कानात आवाज येतात, दारू अचानक सोडल्यावर हात थरथरतात, भास होतात, किंवा जीव द्यायची तयारी करून ठेवली आहे, अशा वेळी सेशनची वाट बघू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका, थेट रुग्णालयात न्या. 108 ला फोन केला की रुग्णवाहिका येते. घरात मारहाण होत असेल तर त्याच घरात बसून थेरपी घेणं धोक्याचं ठरू शकतं. बाईने आधी 181 ला किंवा 112 ला फोन करावा.

घरच्यांनाही एक सांगायचं आहे. सुनेने, मुलाने दार लावून घेतलं तर तासभर त्यांना हाक मारू नका. बाहेर आल्यावर "काय बोललीस?" असं विचारू नका. माझ्या सासूबाईंना थेरपी हा शब्द आजही नीट म्हणता येत नाही. पण दर गुरुवारी पाच वाजता त्या टीव्ही बंद करून अंगणात खुर्ची टाकून बसायच्या, आणि कुणी आलं की सांगायच्या, "आत तिचं काम चाललंय, सहानंतर या."