खोली काढून घेतली तरी

अंतर्यामी प्रार्थनेची खोली जोपासा, असे म्हटले की आपल्या मंडळीत दोन हरकती हमखास निघतात. एका खोलीत सहा माणसे, टीव्ही चालू, मुले अभ्यासाला बसलेली, मग एकांत आणायचा कुठून? ही पहिली. दुसरी सेवाकार्यातल्यांची. बाहेर लोक उपाशी असताना डोळे मिटून बसणे म्हणजे पळवाट, असे ते म्हणतात.

पहिलीतली अडचण खरी, पण निष्कर्ष मुळीच खरा नाही. चौदाव्या शतकात इटलीतल्या सिएना शहरी कॅथरीन या रंगाऱ्याच्या मुलीने लग्न नाकारून केस कापले. चिडलेल्या घरच्यांनी तिची खोली काढून घेतली आणि स्वयंपाकपाणी, धुणीभांडी तिच्यावर टाकली. प्रार्थनेला तिला सवडच मिळू नये, हा हेतू. तिचे चरित्रकार रेमंड ऑफ कापुआ सांगतात, की तेव्हा तिने मनातच एक खोली बांधली. तिथून तिला कोणी बाहेर काढू शकणार नव्हते. वडिलांना येशू, आईला मरिया आणि भावांना प्रेषित मानून ती त्यांची सेवा करू लागली. प्रार्थना मोडण्यासाठी लादलेल्या कामाचीच उपासना झाली! एकांत ही सुखवस्तूंची चैन असती, तर या मुलीला तो लाभला नसता.

आणि पळवाट? हीच कॅथरीन पुढे प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करत होती. १३७६ साली ती आजच्या फ्रान्समधल्या आविन्योंला गेली आणि तेव्हा तिथे राहणाऱ्या पोप अकरावे ग्रेगरी यांना तिने रोमला परतण्याची गळ घातली. १३७७च्या जानेवारीत ते परतले. त्यामागे राजकारणही होते, पण पोपसमोर निर्भयपणे बोलण्याचे बळ तिला त्या खोलीनेच दिले, असे मी मानतो.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू दार लावून प्रार्थना करायला सांगतो आणि लगेच प्रभूची प्रार्थना शिकवतो. तिच्यात एकट्यापुरते मागणे एकही नाही. भाकर सर्वांची, क्षमाही सर्वांची. बंद दाराआड सारी मंडळी सोबत असते, म्हणून रविवारच्या उपासनेशी या खोलीचे वैर असूच शकत नाही.

ही खोली मनात बांधायची, तर सुरुवातीला स्तोत्रसंहितेतली एक ओळ पाठ करावी. लोकलमध्ये, नळाच्या रांगेत, पोळ्या लाटताना ती मनात म्हणावी. मग एकेकाचे नाव घेऊन त्याच्यासाठी मागावे, आणि ज्याच्याशी अबोला आहे त्याचे नाव पहिले घ्यावे.