फुग्यात मावेल तेवढेच बोला!

आमच्या शाळांतून हल्ली 'नेतृत्वगुण' नावाचे एक नवे पक्वान्न शिजू लागले आहे. त्याची कृती ठरलेली आहे. बाहेरून कोणी एक कोटटायवाले गृहस्थ येतात, पडद्यावर चित्रे दाखवतात, मुलांना टाळ्या वाजवायला लावतात, पाचपाच जणांचे गट पाडतात, प्रत्येक गटातल्या एकाच्या छातीवर 'लीडर' असा बिल्ला लावतात आणि दोन तासांनी चहा घेऊन निघून जातात. हा बिल्ला कोणाच्या छातीवर लागतो हे सांगायला ज्योतिषी नको. जो पहिल्या बाकावर बसतो, ज्याचे इंग्रजी खणखणीत आणि ज्याचे वडील शाळेच्या समितीवर, त्याच्या! उरलेल्या चौघांना 'संघभावना' शिकवली जाते. म्हणजे काय, तर बिल्लेवाला सांगेल तसे मुकाट्याने करायचे.

या प्रकाराला शिक्षण म्हणायला मी तयार नाही. पुढारी असे बिल्ले लावून तयार होत असते तर आपल्या देशात पुढाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता.

माझे म्हणणे साधे आहे. मुलांना चार तास द्या, दोन कागद द्या आणि चौघांत मिळून एक कॉमिक्स काढायला लावा. वाचायला नव्हे, काढायला. एवढे बोललो की शिक्षकांच्या खोलीत नाके मुरडली जातात. "कॉमिक्स? अहो, वाचनाची गोडी आधीच उडाली आहे, त्यात आणखी हे!" म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी लहानपणी भूगोलाच्या पुस्तकात वेताळ लपवून वाचलेला असतो, ही गोष्ट मी सभ्यपणे सोडून देतो.

हे नाक मुरडणे फार जुने आहे. १९५४ साली अमेरिकेत फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने एक जाडजूड पुस्तक लिहून कॉमिक्समुळे पोरे बिघडतात असा गिल्ला केला. सेनेटच्या उपसमितीपुढे साक्षी झाल्या आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःच्याच गळ्यात एक नियमावली बांधून घेतली. दोनच वर्षांनी, १९५६ साली, आपल्या संसदेनेही लहान वयाच्या वाचकांना हानिकारक अशा प्रकाशनांविरुद्ध कायदा केला, आणि त्याच्या व्याख्येत चित्रांतून सांगितलेल्या गोष्टींचा मुद्दाम उल्लेख आला. पुढे कॅरोल टिली या अभ्यासिकेने वर्थमसाहेबांची मूळ टिपणे उघडून पाहिली, तेव्हा मुलांच्या जबान्यांत त्यांनी आपल्या सोयीचे फेरफार केल्याचे दिसून आले. आरोप गेला, नाक मात्र मुरडलेले ते मुरडलेलेच राहिले.

आणि चित्र दाखवून गोष्ट सांगणे ही काय परक्यांची चीज आहे? कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी चित्रकथीच्या पोथ्यांतले एकेक पान समोर धरून, गाऊन, वाजवून रामायण-महाभारतातल्या कथा सांगत आली आहेत. त्या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तीही एकट्याची कला नव्हे. एकाने सांगायचे, दुसऱ्याने साथ करायची, आणि पान उलटायचे ते दोघांचा मेळ बसला की.

आता काम कसे चालते ते सांगतो, कारण टीका करणाऱ्यांनी हे कधी पाहिलेलेच नसते. दोन साधे कागद एकमेकांना चिकटवून त्यावर चार चौकटी आखायच्या आणि ती गोष्ट भिंतीवर लावायची, ही पद्धत शरद शर्मा यांच्या 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया' या संस्थेने देशात ठिकठिकाणी नेली. खर्च काहीच नाही. चौघांत एक गोष्ट रचतो, एक चित्रे काढतो, एक अक्षरे काढतो आणि एक चौकटी आखून शाई फिरवतो. नियम थोडे, पण कडक. जो आधी बोलतो तो डावीकडे उभा राहिला पाहिजे, नाहीतर उत्तर आधी आणि प्रश्न मागून असा घोटाळा होतो. अक्षरे आधी लिहायची आणि फुगा मागून त्यांच्याभोवती काढायचा. उलट केले की शेवटचे शब्द मुंग्यांसारखे कडेला गोळा होतात.

आमच्या वर्गातल्या एका गटाने शाळेच्या वाटेवरच्या ओढ्याची गोष्ट घेतली. पावसाळ्यात ओढा भरला की पलीकडच्या वाडीची मुले शाळेला मुकतात. गोष्ट रचणारा आमचा पहिल्या नंबराचा विद्यार्थी. पाण्यात सापडलेल्या मुलाच्या तोंडी त्याने सात ओळींचे भाषण घातले, त्यात 'हे निसर्गदेवते' होते आणि 'आमचे भवितव्य' होते. अक्षरे काढणारी मुलगी वर्गात क्वचितच तोंड उघडणारी. तिने पट्टी लावून पाहिले आणि सांगितले, एवढे बसत नाही. बसवले तर मुलगाच चौकटीबाहेर जाईल. पहिला नंबर ऐकेना. वाद लागला. चित्रे काढणारा म्हणाला, मुलगा मी लहान काढतो. तेव्हा ती म्हणाली, "आणि पाणी घोट्याएवढं काढलंयस ते चुकलंय. घोट्याएवढ्या पाण्याला कुणी घाबरत नाही. गुडघ्याला लागलं की आम्ही मागं फिरतो." ती पलीकडच्या वाडीची होती, हे त्या तिघांना त्या दिवशी कळले. तीन वर्षे एका वर्गात बसून!

पाणी वर चढले, फुगा लहान झाला. सात ओळींचे भाषण गेले आणि उरले दोन शब्द: "दप्तर धर!"

सांगा मला, या चौघांत नेता कोण? बिल्ला कोणाच्या छातीवर लावणार? त्या तासाला ती मुलगी पुढे झाली, कारण ओढा तिला ठाऊक होता. दुसऱ्या दिवशी शाई सांडली तेव्हा शांतपणे कागद वाचवणारा पोरगा पुढे झाला. जो तो आपले काम पुढे आले की पुढे होतो आणि झाले की मागे सरतो. आणि पहिल्या नंबरालाही काही मिळालेच. आपले सुंदर वाक्य दुसऱ्याच्या चित्रासाठी खोडायचे असते, हे त्याला व्याख्यानातून कोणी शिकवू शकले नसते. खोडरबराने शिकवले.

मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, म्हणून हे अधिकाराने बोलतो. कादंबरीकार हा आपल्या कागदावर हुकूमशहा असतो. नायिकेला चाळिसाव्या पानावर क्षय झाला तरी कोणी हरकत घेत नाही. (प्रकाशक घेतो, पण ती पानांच्या संख्येबद्दल.) चित्रकथेत ही चैन चालत नाही. 'अमर चित्रकथे'चे नाव काढले की आपण अनंत पै यांना नमस्कार करतो, आणि करावाच. पण त्यातला 'कृष्ण' मुलांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला तो राम वाईरकरांच्या हातामुळे. आपला 'चिंटू' १९९१ साली जन्मला तो चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या दोघांच्या डोक्यातून.

परदेशातही हे झाले आहे. २००१ साली मायकेल बिट्झ यांनी न्यूयॉर्कच्या शाळांतून मुलांकडून कॉमिक्स काढून घेण्याचा उपक्रम सुरू केला. मुले उडणारे, पोलादी छातीचे वीर काढतील असे कोणालाही वाटले असते. पुष्कळांनी काढली ती आपली गल्ली, तिथल्या टोळ्या, तिथली भीती. मुलांना कागद दिला की ती काय सांगतील याचा नेम नसतो. आणि मला शंका आहे, नाक मुरडणाऱ्यांना खरी धास्ती हीच आहे.

"पण आम्हाला चित्र येत नाही" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. काड्यांची माणसे काढा. अभ्यासक्रम बुडतो म्हणणाऱ्यांनी दोन तासांच्या टाळ्यांचा हिशोब आधी द्यावा. अलीकडे तिसरेच एक शहाणपण निघाले आहे: यंत्राला वाक्य सांगितले की चित्र तयार, मग पोरांनी हात कशाला काळे करायचे? यंत्र आज्ञाधारक आहे, हीच तर तक्रार! त्याला ओढा ठाऊक नाही आणि "एवढे बसत नाही" असे ते पहिल्या नंबराला कधी सुनावणार नाही.

मात्र एक गोष्ट सांभाळली नाही तर हे सगळे फुकट आहे. कागदावर चौघांची नावे गेली पाहिजेत, कामासकट. बॅटमन १९३९ साली निघाला. त्याचा वेश, त्याची गोष्ट घडवण्यात बिल फिंगर या लेखकाचा मोठा वाटा. पण वर्षानुवर्षे कर्ता म्हणून नाव झळकले ते एकट्या बॉब केनचे. फिंगर १९७४ साली वारला. त्याच्या नावाला अधिकृत जागा मिळाली ती २०१५ साली. बिल्ल्याचे तत्त्वज्ञान शेवटी इथे पोचते. काम चौघांचे आणि नाव एकाचे, हे जर मूल शाळेतच शिकले, तर कचेरीत आणि संसारात ते निराळे काय करणार? आणि कृपा करून या कामाला 'नेतृत्वाचे' वेगळे गुण देऊ नका. गुण दिसले की बिल्ला मागच्या दाराने आत येतो.

गेल्या वर्षी आंतरशालेय चित्रकथा-स्पर्धेचा अर्ज आला. वर मोठ्या अक्षरांत 'सांघिक कार्य' असे छापलेले, आणि खाली नावासाठी ओळ एकच: 'गटप्रमुखाचे नाव'. प्रमाणपत्रही एकच मिळणार होते. चौघांनी माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. अक्षरे काढणाऱ्या त्या मुलीने अर्ज पुढे ओढला आणि पट्टी लावून त्या एका ओळीत चारही नावे बारीक, स्वच्छ अक्षरांत बसवली. आठ दिवसांनी अर्ज 'अपूर्ण' असा शेरा मारून परत आला. तो मी फेकून दिलेला नाही. यंदा नवे चित्र जाईल तेव्हा त्याच्यासोबत हाच अर्ज जाणार आहे, शेऱ्यासकट. आणि हा लेख वाचणाऱ्या मास्तरांनी आपापल्या मुलांचे अर्ज असेच भरून पाठवावेत, अशी माझी विनंती आहे.