लघुरूपात ‘शिवसेना’च गळते

‘उबाठा हे जागा वाचवणारे निव्वळ लघुरूप’ हे आपल्या सदरातील एका पत्रलेखकाचे म्हणणे मुळीच पटले नाही. १० ऑक्टोबर २०२२ रोजी निवडणूक आयोगाने ठाकरे यांच्या पक्षाला ‘शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)’ हे नाव दिले. लघुरूपात कंसातले तेवढे उरते आणि ‘शिवसेना’ गळते. विरोधकांना सभेत नेमके हेच हवे असते. तसेच, आयोगाच्या १७ फेब्रुवारी २०२३ च्या निर्णयाने ‘शिवसेना’ हे नाव व धनुष्यबाण मिळालेल्या पक्षाला ‘शिंदे गट’ म्हणणे म्हणजे तो निर्णय बातमीतच फिरवणे. निर्णय चुकीचा वाटत असेल (मला वाटतो), तर अग्रलेखात खुशाल झोडा. बातमीत मात्र आयोगाच्या नोंदीतलेच नाव हवे. मथळ्यात जागा नसेल, तर ‘शिवसेना (ठाकरे)’ आणि ‘शिवसेना (शिंदे)’ छापा. राष्ट्रवादीच्या दोन्ही पक्षांनाही हाच नियम लावा.

– एक वाचक, नवी पेठ, सोलापूर