पाटीआधी पावती

आज ८ सप्टेंबर. गावोगावी प्रभातफेऱ्या निघतील, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नवा फलक लागेल, तालुक्यात किती असाक्षरांची नोंदणी झाली याचे आकडे संध्याकाळपर्यंत वर पाठवले जातील. जागतिक साक्षरता दिनाचा हा शिरस्ता आता अंगवळणी पडला आहे. त्याची चेष्टा करण्याचे कारण नाही, कारण फेरी दारावरून गेली म्हणूनच एखादी बाई बाहेर येऊन ‘माझं पण नाव घ्या’ म्हणते. प्रश्न त्यानंतरचा आहे. नाव दिलेली ती बाई दिवसभर खुरपून रात्री आठ वाजता वर्गात येऊन बसली, की तिच्या हाती द्यायचे काय?

सरकारदरबारी याचे उत्तर ठरलेले आहे : प्रवेशिका. २०२२ पासून सुरू असलेल्या ‘उल्लास’ कार्यक्रमात पंधरा वर्षांवरील असाक्षरांना स्वयंसेवकांनी शिकवायचे, साहित्य ‘दीक्षा’ या पोर्टलवर आणि मोबाइल अ‍ॅपवर पाहायचे आणि शेवटी वाचन, लेखन, संख्याज्ञान अशी दीडशे गुणांची परीक्षा घ्यायची, अशी रचना आहे. प्रवेशिका पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारल्या, हे मान्य करायला हवे. पण पुस्तक निघते ते साऱ्या राज्यासाठी एकच. रत्नागिरीच्या मासळी बाजारातली विक्रेती, भिवंडीच्या यंत्रमागावरचा कामगार आणि मराठवाड्यातून ऊसतोडीला निघालेले जोडपे यांच्यासमोर तेच पान उघडते. शिकवणारा स्वयंसेवक म्हणजे बहुधा आधीच कामाने पिचलेला शाळामास्तर किंवा महाविद्यालयातला विद्यार्थी. त्याने वेगळे काही शोधायचे ठरवले, तर शोधायचे कुठे?

याचे उत्तर एकेकाळी वरळीत होते. युनेस्कोने १९६६ मध्ये ८ सप्टेंबर हा दिवस जाहीर केला आणि १९६७ मध्ये तो पहिल्यांदा पाळला गेला. त्याच १९६७ साली मुंबई शहर समाज शिक्षण समितीने युनेस्कोच्या साहाय्याने वरळीत देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू केले. नाव विद्यापीठ, पण पदव्यांशी काही संबंध नाही. कामगाराला कामात नेमके काय अडते ते आधी पाहायचे आणि त्यावरून अभ्यासक्रम बांधायचा, ही तिथली कल्पना. अक्षर, यंत्र, हिशेब, आरोग्य हे सारे एकाच माणसाला लागते, तेव्हा ते एकत्रच शिकवावे, असा तिचा आधार होता. गिरण्यांच्या मुंबईला हे सहज पटले, कारण रात्रशाळांची परंपरा इथे जुनी होती. आणि त्याही आधी, १८५५ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती.

पुढे देशभर श्रमिक विद्यापीठे निघाली, २००० मध्ये त्यांचे नाव ‘जन शिक्षण संस्थान’ झाले आणि २०१८ मध्ये ती शिक्षणाकडून उठून कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेली. कागदावर हा निव्वळ खातेबदल. पण अक्षर एका मंत्रालयात आणि काम दुसऱ्या मंत्रालयात, अशी वाटणी झाली, ती कामगाराच्या डोक्यात कधीच नव्हती. ‘उल्लास’च्या पाच घटकांत व्यवसायकौशल्याचा घटक आहे, नाही असे नाही. वर्गात मात्र परीक्षा जवळ आली की उरतात बाराखडी आणि बेरीज.

जुन्या साहित्याचीही हीच तऱ्हा. १९८८ च्या राष्ट्रीय साक्षरता मिशननंतर जिल्ह्याजिल्ह्यांत संपूर्ण साक्षरता मोहिमा झाल्या. राज्य संसाधन केंद्रांनी तीन भागांच्या प्रवेशिका आणि नवसाक्षरांसाठी मोठ्या टायपातल्या पुस्तिका काढल्या. जाणत्या माणसांनी त्यावर मेहनत घेतली होती. २००९ मध्ये याच तारखेला सुरू झालेली ‘साक्षर भारत’ योजना २०१८ मध्ये संपली आणि हा सारा ऐवज पोरका झाला. आज एखाद्या शिक्षकाने तो एका ठिकाणी, नीट लावलेला पाहू म्हटले, तर हाती लागत नाही. योजना बदलली की आधीचे सारे रद्दी, ही आपली खास सवय. १९५९ मध्ये साताऱ्यातून सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम जगात वाखाणली गेली, गावेच्या गावे साक्षर म्हणून जाहीर झाली. पण वाचायला पुढे काही मिळाले नाही, तर शिकलेली अक्षरे चार-दोन वर्षांत पुसली जातात, हा धडाही त्याच मोहिमेने दिला. आपण त्यातले जाहीर करणे तेवढे लक्षात ठेवले.

म्हणून आमचे म्हणणे असे, की साहित्याचा शोध कामाच्या जागेपासून सुरू व्हावा. तिथे कागदाला तोटा नाही. हजेरीचा पट, मजुरीची पावती, मुकादमाच्या वहीतली उचल, बचतगटाचे पासबुक, खताच्या गोणीवरचा मजकूर. आणि कीटकनाशकाची बाटली. तिच्यावर चौकोन असतो, टोकावर उभा केलेला. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो आणि त्याच उतरत्या क्रमाने विषाची तीव्रता असते. सोबतचे पत्रक बहुभाषी खरे, पण अक्षर इतके बारीक की पदवीधरालाही चष्मा शोधावा लागेल. फवारणी करणाऱ्याला रंग दिसतो, पण त्याचा अर्थ कुणी सांगितलेला नसतो. हिरवा म्हणजे बिनधोक, असे त्याने समजले तर चूक त्याची नाही, कारण बाकी सगळीकडे हिरव्याचा अर्थ तोच असतो. इथे मात्र हिरवा म्हणजे कमी विषारी, आणि कमी विषारी म्हणजे निर्विष नव्हे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्या मृत्यूंना कारणे अनेक होती. निरक्षरतेवर सारे ढकलणे म्हणजे औषध बनवणारे, विकणारे आणि तपासणारे यांना मोकळे सोडणे होईल. पण कापसाच्या पट्ट्यातल्या प्रौढवर्गाचा पहिला पाठ ही बाटली का नसावी? ‘क’ कापसाचाही असतो आणि कीटकनाशकाचाही.

प्रौढ माणूस कोरी पाटी घेऊन येत नाही, हे अजून आपल्या गळी उतरलेले नाही. ज्या बाईला आपण अंकओळख शिकवायला बसतो, ती मोबाइलवर मुलीचा नंबर अचूक लावत असते. फक्त मोबाइलवरचे आकडे इंग्रजी वळणाचे आणि प्रवेशिकेतले देवनागरी, त्यामुळे तिला जे येते तेच आपण तिला अडाणी ठरवून पुन्हा शिकवतो. म्हसवडच्या माणदेशी बँकेची कथा याच गोष्टीची आहे. चेतना गाला-सिन्हा यांनी बायकांच्या बँकेसाठी परवाना मागितला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने तो नाकारला, कारण प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर. बायका गावी परतल्या आणि लिहा-वाचायला शिकू लागल्या. पुढे अधिकाऱ्यांसमोर त्यांनी उलट आव्हान दिले : कुठल्याही मुद्दलावरचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. परवाना मिळाला आणि १९९७ मध्ये बँक उभी राहिली. त्या बायकांना व्याज कुणी शिकवले नव्हते, ते सावकाराने शिकवले होते. त्यांना हवी होती ती फक्त त्या हिशेबाची लेखी खूण.

एक धोका मात्र इथे आहे. कामापुरतेच शिकवायचे म्हटले, की माणसाला कामापुरतेच मोजणे सोपे जाते. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिलादिनी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली, ती पावत्या वाचण्यासाठी नव्हे. इतरांनी वाचलेले पाठ-पारायण ऐकता ऐकता आज्यांना वाटले, आपल्यालाही हे स्वतः वाचता यावे. गुलाबी नऊवारी नेसून त्या शाळेत जाऊ लागल्या. अण्णाभाऊ साठे मुंबईत दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचत शिकले असे सांगतात. त्या पाट्यांचा त्यांनी पुढे काय उपयोग केला, हे मराठी वाचकाला सांगायला नको. तेव्हा पावतीने सुरुवात करावी आणि पुढची सोय गावच्या ग्रंथालयात असावी. सार्वजनिक ग्रंथालयांचा आपला कायदाही योगायोगाने १९६७ चाच. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक वाचनालयात मोठ्या टायपातल्या पुस्तकांचा एक खण नवसाक्षरांसाठी ठेवायला अशी किती जागा लागते?

आता मालकांकडे वळू. कामाच्या जागी लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, अशी तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमात होती. भाषा समजते म्हणजे वाचताही येते, असे कायद्याने गृहीत धरले आणि मालकांनी ते आनंदाने मानले. पाटी लावली, कर्तव्य संपले. त्या पाटीसमोर आठवड्यातून एक तास कामगारांना बसवून ती वाचायला शिकवावी, आणि तो तास पगारी असावा, ही मागणी फार मोठी नाही. बारा तास राबलेल्या माणसाने रात्री आपल्या झोपेतून शिक्षणाची वेळ काढायची, ही मोहिमांची अपेक्षा मुळातच कठोर आहे. ‘ती माणसे आमची नव्हेत, ठेकेदाराची’ हे उत्तर येईलच. मग ठेकेदाराच्या करारात तो तास लिहा. आणि पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर बिहार-ओडिशातून आलेला मजूर असेल, तर त्याचा पाठ त्याच्या भाषेत निघावा. मराठी त्याला कामावर, मराठी माणसांत वावरताना येईल.

येत्या दोन महिन्यांत ऊसतोड टोळ्या गाव सोडतील. मुलांसाठी साखरशाळांची कल्पना निदान आपल्याला सुचली. आईबापांसाठी तळावर असे काही नाही, आणि हंगामाचा सारा हिशेब तर त्यांच्याच नावावर : टनाला दर किती, खेपा किती, वजन किती, त्यातून उचल किती फिटली. काट्यावरून निघणारी वजनपावती कारखान्यांनी यंदा मोठ्या मराठी अक्षरांत छापावी. टोळीचा क्रमांक, तारीख, टन एवढे ठळक. एक प्रत मुकादमाकडे जातेच, दुसरी टोळीकडे जावी. साक्षरता विभागाने तिचाच पाठ करून तळावरच्या स्वयंसेवकाला द्यावा. गाळप सुरू व्हायला अजून अवकाश आहे, छपाईची ऑर्डर अजून बदलता येईल.