पीएच.डी.वाल्यांना पाडा बंद नको, पण ग्रामसभेत बसवा



पावसाळा उघडला की आपल्या पाड्यांवर शिकलेली पोरंपोरी यायला लागतात. पाठीला पिशवी, हातात जीपीएस. कोणी झाडाच्या घेराला टेप लावतं, कोणी मातीचा नमुना भरून नेतं, कोणी म्हाताऱ्यांना विचारतं, आजा, पाऊस पहिल्यासारखा पडतो का? हवामान बदलावर पीएच.डी. चालू असते. आपण त्यांना भाकर देतो, रान दाखवतो. चार-पाच वर्षांनी प्रबंध होतो, बहुतेक वेळा इंग्रजीत. तो 'शोधगंगा'वर चढतो, सगळ्या जगाला दिसतो. पाड्यावर त्याचं एक पानही येत नाही.

काही साथी म्हणतात, यांना येऊच देऊ नका. आम्हाला हे पटत नाही. वनहक्काच्या नियमांतला नियम 13 वाचा. दाव्याला कोणते पुरावे चालतात त्या यादीत नावाजलेल्या संस्थांचे संशोधन-अभ्यासही आहेत. आपल्याकडे किती दावे 'पुरावा नाही' म्हणून परत आले! 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा दाखवायचा तर कागद कुठून आणायचा? त्याआधी कोणी आपल्या डोंगरावरच्या नागली-वरईवर प्रबंध लिहिला असेल, त्यात पाड्याचा नकाशा असेल, तर तो कागद विद्यापीठाच्या लायब्ररीत धूळ खात पडलाय. तो आपल्या कामाचा आहे. साहेब उपग्रहाचं चित्र पुढे करून दावा फेटाळतात. 2012 च्या दुरुस्तीने सांगितलंय की असं चित्र बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून चालेल, त्यांच्या जागी नाही. हे तोंडपाठ करून ठेवा.

आता दुसरी बाजू. राब घ्या. इंग्रजांच्या जंगलखात्याने टहाळ तोडण्यावर बंधनं आणली, लोक खवळले, आणि 1885 मध्ये ठाणे-कुलाब्यासाठी फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. राबाचा वाद तेव्हापासूनचा. आज तोच राब एखाद्या प्रबंधात 'कार्बन उत्सर्जन' आणि 'जंगलाची हानी' या रकान्यात जाऊन बसू शकतो. आपण ऐनाचं झाड मारत नाही, टहाळ काढतो, ते परत फुटतं. हे मोजायला एक पावसाळा पुरत नाही, आणि विचारल्याशिवाय ते कोणाच्या वहीत येणार नाही. उद्या तोच आकडा दाखवून आपल्याला जंगलाबाहेर काढा म्हणायला लोक तयारच आहेत. फेब्रुवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने फेटाळलेल्या दावेदारांना हटवायचा आदेश दिला होता. महिना संपायच्या आत त्याला स्थगिती मिळाली, पण ते पंधरा दिवस कोणी विसरलेलं नाही.

पोरापोरींवर आमचा राग नाही. फेलोशिप रखडलेली, मार्गदर्शकाचा धाक, मुदत संपत आलेली. विषय त्यांनी शहरात बसून ठरवलेला असतो, आणि खरी गोची तिथेच आहे. गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाने अभ्यास गट चालवले. बाहेरचा अभ्यासक तिथे गावासोबत बसायचा, दोघं मिळून शिकायचे. 2009 मध्ये त्या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आपणही आलेल्याला आधी ग्रामसभेत बसवावं. तुझा प्रश्न काय ते सांग, आमचाही एक प्रश्न घे. आमच्या विहिरी फेब्रुवारीतच का आटतात, ते मोज. मोजलेलं मराठीत लिहून ठरावाच्या वहीसोबत ठेव. जंगलाचं पारंपरिक ज्ञान हा कलम 3 प्रमाणे समाजाचा हक्क आहे, एकट्या म्हाताऱ्याला गाठून नेण्याची वस्तू नाही. हे सांगताना लाजायचं कशाला?

आणि आपलीच पोरं हे का करत नाहीत? अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी देशभरात वर्षाला 750 राष्ट्रीय फेलोशिप आहेत. एम.ए., एम.एस्सी. झालेल्यांनी संघटनेच्या ऑफिसात येऊन भेटा, अर्ज आपण मिळून भरू.

पुढच्या बैठकीला प्रत्येक पाड्याने दोन नोंदी लिहून आणाव्यात: सध्या कोण अभ्यासाला येतं, कुठल्या विद्यापीठातून, विषय काय. आणि 2005 च्या आधी कोण येऊन गेलं. म्हाताऱ्यांना विचारा, त्यांना चेहरे आठवतात. नाव नसलं तरी साल आणि कॉलेज सापडलं तर प्रबंध शोधता येतो.