फुलीखालच्या रेषा

हेमिंग्वेची ‘द शॉर्ट हॅपी लाइफ ऑफ फ्रान्सिस मॅकॉम्बर’ (१९३६) ही कथा आपल्यापैकी अनेकांनी शिकली असेल, काहींनी शिकवलीही असेल. तिच्याविषयी बोलताना आपण पुरुषत्वावर बोलतो, भयावर बोलतो. शेवटी मार्गारेटने झाडलेली गोळी हा अपघात होता की खून, यावर तर तासच्या तास घालवतो. पण सिंहाच्या शिकारीला निघण्यापूर्वी मॅकॉम्बर विल्सन या व्यावसायिक शिकाऱ्याला एक अगदी साधा प्रश्न विचारतो, आणि तेथे सहसा कोणी थांबत नाही. गोळी किती अंतरावरून झाडायची, एवढाच तो प्रश्न आहे. विल्सन शंभर यार्डांच्या आसपासची मर्यादा सांगतो आणि हे अंतर ठरवण्यात सिंहाचाही वाटा असतो असे सुचवतो. माझ्या मते कथेतील सारी नीती त्या उत्तरात आहे. प्रस्तुत लेख सिंहाच्या त्या वाट्याविषयी आहे, आणि तो परस्पर काढून घेणाऱ्या एका उपकरणाविषयी.

मी कोलोरॅडोत राहतो, साहित्य शिकवतो आणि गेली काही वर्षे ऑक्टोबरात एल्कच्या शिकारीला जातो. शिकार मुळात करावी का, हा वाद मला येथे घालायचा नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो बव्हंशी मिटवला आहे. अमेरिकेत परवाने, हंगाम आणि मारण्याची संख्या राज्ये ठरवतात, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या व्यवस्थापनासाठी वापरला जातो. ज्यांना ही व्यवस्थाच अमान्य आहे त्यांच्याशी माझे भांडण नाही. माझे भांडण माझ्याच बाजूच्या लोकांशी आहे, आणि सर्वप्रथम स्वतःशी.

आधी त्या उपकरणाविषयी. रायफलीवर बसवलेल्या दुर्बिणीत नेम धरण्यासाठी जी फुली असते तिला रेटिकल म्हणतात. गोळी नळीतून सुटताक्षणी गुरुत्वाकर्षण तिला खाली ओढू लागते. .३०-०६ या जुन्या आणि सर्वपरिचित काडतुसाची १८० ग्रेनची गोळी घ्या. दुर्बीण २०० यार्डांवर अचूक बसवली असेल, तर हीच गोळी ३०० यार्डांवर फुलीच्या मध्यापासून सुमारे ८ इंच, ४०० वर सुमारे २ फूट आणि ५०० वर सुमारे ४ फूट खाली लागते. म्हणून दूरच्या जनावरावर नेम वर धरावा लागतो. वर म्हणजे किती, हा अंदाज पूर्वी शिकारी डोळ्याने करीत असे. होल्डओव्हर रेटिकलमध्ये फुलीच्या मध्याखाली आणखी तीन-चार आडव्या रेषा, ठिपके किंवा वर्तुळे कोरलेली असतात. पहिली ३०० ची, दुसरी ४०० ची, अशी ती शिडी खाली उतरत जाते. जनावराचे अंतर मोजावे, योग्य ती रेषा त्याच्या छातीवर ठेवावी आणि चाप ओढावा. अंदाज संपला आणि शास्त्र आले, असे विक्रेता सांगतो. मलाही ते पटले होते.

त्या शास्त्राचे पुढे काय झाले ते सांगतो. दुपार कलत होती. गवताळ उतारापलीकडे एक नर एल्क आडवा उभा होता. अंतरमापकाने ४०० यार्ड दाखवले. वारा पडलेला होता, आणि मी पाठपिशवीवर रायफल टेकवून पालथा झोपलो होतो. दुसरी रेषा छातीवर ठेवली आणि चाप ओढला. तो गुडघ्यांवर आला, पुन्हा उठला आणि स्प्रूसच्या दाट झाडीत शिरला. तेथे आम्हाला रक्ताचे काही थेंब आणि पाठीवरचे केस मिळाले. ती संध्याकाळ आणि पुढचा अख्खा दिवस आम्ही शोधत होतो. तो सापडला नाही.

चूक कळली ती रात्री, तंबूत दुर्बीण हातात घेतल्यावर. ती ३ ते ९ पटींची होती आणि मी झाडीतून चालताना तिची कडी ६ पटींवर ठेवली होती. अशा बहुतेक शिकारी दुर्बिणींत पट बदलली तरी रेषा डोळ्याला तेवढ्याच दिसतात. लहानमोठे होते ते समोरचे दृश्य. त्यामुळे त्या रेषांचे आकडे एकाच पटीवर, बहुधा सर्वांत मोठ्या पटीवर, खरे असतात. ९ पटींवर जी रेषा मध्याखाली २ फुटांची भरपाई करते तीच ६ पटींवर ३ फुटांची करते. माझी गोळी त्यामुळे फूटभर वर गेली. फुफ्फुसांऐवजी तिने मणक्याच्या वरचा, पाठीचा भाग फाडला. माहितीपुस्तिकेत हे सारे छापलेले होते, आणि मी ते वाचलेही होते. वाचन हाच ज्याचा व्यवसाय आहे त्याने याहून अधिक काय लिहावे?

यावर ठरलेले उत्तर असे की दोष रेषांचा नव्हे, माणसाचा. उत्तर खरे आहे, परंतु अपुरे आहे. ९ पटींवरही त्या रेषा एका विशिष्ट गोळीसाठी, वेगासाठी आणि हवेच्या घनतेसाठीच खऱ्या असतात. काडतूस बदलले की त्या बदलतात, आणि दहा हजार फुटांवरच्या विरळ हवेत गोळी समुद्रसपाटीपेक्षा कमी खाली येते. ताशी १० मैलांचा आडवा वारा ४०० यार्डांवर याच गोळीला सुमारे फूटभर बाजूला नेतो. काही रेटिकलांत त्यासाठीही खुणा असतात, पण मधल्या दरीत वारा कसा वाहतो आहे हे शिकाऱ्याच्या गालाला कळत नाही. एल्कच्या हृदय-फुफ्फुसांचा भाग जेमतेम १५ इंचांचा असतो. म्हणजे मध्यापासून साडेसात इंचांपलीकडची प्रत्येक चूक ही जखम आहे.

हे सारे गणितात बसवता येईल, असे कोणी म्हणेल. अंतरमापक आहे, वायुमापक आहे, गोळीचा मार्ग काढून देणारी संगणकीय कोष्टके आहेत. तरीही एक गोष्ट उरते. ४०० यार्ड जायला त्या गोळीला साधारण अर्धा सेकंद लागतो. तेवढ्या वेळात एल्क एक पाऊल टाकू शकतो, आणि छातीवर सुटलेली गोळी पोटात लागते. ते पाऊल कोणत्याही काचेवर कोरता येत नाही. विल्सन ज्याला सिंहाचा वाटा म्हणतो तो हाच. होल्डओव्हर रेटिकल गुरुत्वाकर्षणाचा हिशेब चोख मांडते, पण जनावराला मात्र स्थिर वस्तू मानते. लोखंडी पत्र्यावर नेमबाजी करणाऱ्याने ते मानावे. पत्रा पाऊल टाकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लोक लांबून गोळ्या झाडणारच आहेत. मग अंदाजाने झाडण्यापेक्षा रेषेच्या आधाराने झाडलेल्या काय वाईट? हेमिंग्वेच्या काळी या रेषा नव्हत्या म्हणून काय जनावरे जखमी होत नव्हती? होत होती. ‘ग्रीन हिल्स ऑफ आफ्रिका’ (१९३५) मध्ये त्याने स्वतः जखमी केलेल्या आणि अखेर हाती न लागलेल्या सेबल हरणाची कबुली दिली आहे. मॅकॉम्बरची गोळीसुद्धा शंभर यार्डांच्या आतूनच सिंहाच्या पोटात जाते. जवळ जाणे म्हणजे पापमुक्ती नव्हे, हे मला मान्य आहे. पण अंदाजाने नेम धरणाऱ्याला आपण अंदाज करीत आहोत हे ठाऊक असते, आणि त्या भीतीपोटी तो आणखी शंभर पावले रांगत पुढे जातो. काचेवर ५०० ची रेषा दिसली की ती भीती जाते. रेषा केवळ साधन राहत नाही, परवानगी होते. लोक लांबून झाडणारच होते, हे अर्धसत्य आहे. मी झाडणार नव्हतो. दुसरी रेषा होती म्हणून मी झाडली.

ओर्तेगा इ गासेत याने १९४२ साली काउंट येबेस यांच्या मोठ्या शिकारीवरील पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. शिकारीवरील चिंतन म्हणून ती आज स्वतंत्रपणे वाचली जाते. माणसाची बुद्धी आणि शस्त्रे यांचे प्राण्यावरील वर्चस्व जसजसे वाढत गेले तसतसे माणसाने स्वतःलाच मर्यादा घालून प्राण्याला वाव ठेवला, हा तिच्यातील एक मुद्दा आहे. ज्या दिवशी तो वाव संपेल त्या दिवशी उरेल ती केवळ हत्या. आल्डो लिओपोल्डनेही ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ (१९४९) मध्ये रानातील कौशल्याची जागा घेणाऱ्या विकतच्या उपकरणांवर कोरडे ओढले आहेत. लिओपोल्ड स्वतः शिकारी होता, आणि दोघांपैकी कोणीही भाबडा प्राणिप्रेमी नव्हता.

या परंपरेची अमेरिकेतील राखणदार संस्था म्हणजे थिओडोर रूझवेल्टने पुढाकार घेऊन १८८७ साली स्थापलेला बून अँड क्रॉकेट क्लब. सावजाला निसटण्याची न्याय्य संधी देणारी शिकार हे त्याचे ब्रीद. ल्यूपोल्ड या दुर्बिणी बनवणाऱ्या कंपनीने ५०० यार्डांपर्यंतच्या रेषा असलेले एक रेटिकल बाजारात आणले, त्याला नाव दिले गेले ते याच क्लबचे. पुढे याच क्लबने लांब पल्ल्याच्या गोळीबाराविरुद्ध भूमिका जाहीर केली. प्राण्याला आपल्या इंद्रियांनी धोका ओळखण्याची संधीच त्यात उरत नाही, असा तिचा आशय आहे. ५०० यार्ड म्हणजे लांब पल्ला नव्हे, असा बचाव कोणी करील. एल्कचे नाक आणि कान यांना विचारून तो बचाव करावा.

साहित्याच्या वाचकाला आणखी एक गोष्ट सहज दिसेल. कॉर्बेटच्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’मध्ये (१९४४) पानेच्या पाने पावलांचे ठसे, भेकराचा इशारा, वाऱ्याची दिशा आणि वाट पाहणे यांनी भरलेली असतात, गोळी काही ओळींत सुटते. शिकारकथा ही अंतर कमी होण्याची कथा असते. अंतर काचेवरच्या रेषेने भरून काढले की सांगण्यासारखे काय उरते? काडतुसाचे नाव आणि यार्डांचा आकडा. आजच्या शिकारवर्णनांत एवढेच असते, याचे कारण लेखकांचे दारिद्र्य नव्हे. घडलेलेच तेवढे असते.

मग दुर्बीण कोणती घ्यावी? मोठ्या जनावरासाठी २ ते ७ किंवा ३ ते ९ पटींची, जाड बाहूंच्या साध्या फुलीची घ्यावी. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात झाडीसमोर तीच दिसते. २०० यार्डांवर बसवलेली .३०-०६ रायफल २५० पर्यंत छातीच्या मध्यावर नेम धरून चालते, तेथे कोणत्याही खालच्या रेषेची गरज पडत नाही. पट बदलली तरी आकडे खरे राहतील अशाही दुर्बिणी मिळतात. त्यांत रेषा दृश्याबरोबर लहानमोठ्या होतात. पण कमी पटीवर त्या इतक्या बारीक होतात की रानात फुलीच हरवते. ज्याच्याकडे होल्डओव्हर रेटिकल आधीच आहे त्याने आपल्या काडतुसांनी, आपल्या उंचीवर, प्रत्येक रेषा प्रत्यक्ष अंतरावर तपासावी. मग नेमबाजीच्या मेजावरून उठून जमिनीवर बसावे, आणि धापा टाकत असताना सगळ्या गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात किती यार्डांवरून बसतात ते पाहावे. ती आपली शेवटची रेषा. तिच्याखाली कंपनीने कितीही रेषा कोरल्या असोत.

मी ती दुर्बीण विकली नाही. दुसऱ्या कोणाच्या हाती ती परवानगी देणे मला बरे वाटले नाही. रायफलीवर आता साधी फुली आहे. गेल्या हंगामात ३५० यार्डांवर एक नर दिसला. मी रांगत निघालो, ३०० च्या आत पोचण्यापूर्वीच वारा फिरला आणि तो निघून गेला. त्याचा वाटा त्याने घेतला.